थेंब अडविणारी जाळी : केवढी आणि कोठे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ओरत्तनाडु येथे नेलेल्या कौटुंबिक सहलीत केलेले भाषण)



आज सकाळी तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याने आपण सारे येथे आलो, सर्फोजी राजांनी बांधलेले मुक्तांबाळ छत्र पाहिले, आणि आता भोजनोत्तर चार शब्द बोलण्याची आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली आहे. विषयाचे बंधन त्यांनी घातलेले नाही. तंजावरचे मराठे, सरस्वती महाल, मोडी दप्तरे यांविषयी आमच्याहून कितीतरी अधिक जाणणारी मंडळी समोर बसली आहेत. त्या प्रांतात आम्ही पाऊल टाकणार नाही. आम्ही बोलणार आहोत ते एका पोलादी पात्राविषयी आणि त्यात बसविलेल्या तारेच्या जाळीविषयी. विषय रुक्ष वाटेल. परंतु या जाळीपायी आमच्या हातून एक अन्याय घडला, आणि ज्याच्यावर तो घडला त्या माणसाचे गाव येथून अवघ्या तीन मैलांवर आहे. ओरत्तनाडूस येऊन ती हकीकत न सांगता परत जाणे आमच्या मनास पटले नाही.

प्रथम छत्राविषयी दोन शब्द, कारण पुढे त्यांचा उपयोग आहे. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि सर्फोजी राजांच्या हाती तंजावरचा किल्ला व थोडासा परिसर एवढेच उरले. तशा स्थितीतही छत्रे चालू राहावीत म्हणून ते झटले. १८०१ साली त्यांनी इंग्रज रेसिडेंटास लिहिलेल्या पत्रात, या छत्रांतून वाटसरूंना अन्न, आजाऱ्यांना औषध आणि मुलांना विद्या कशी मिळते, याचे वर्णन आहे. रामेश्वरच्या यात्रेकरूने येथे यावे, चाल मंद करावी, अंगावरचे ओझे उतरवावे आणि हलके होऊन पुढची वाट धरावी, हा छत्राचा हेतू. आम्ही सांगणार आहोत ते पात्र म्हणजे वायूचे असेच एक छत्र आहे.

आपण उभे आहोत त्या कावेरीच्या खोऱ्यात भाताच्या खाचरांखाली फार खोलवर तेल आणि नैसर्गिक वायू आहे. नरिमणम, कमलापुरम, अडियक्कमंगलम ही या भागातील तेलक्षेत्रांची नावे पुष्कळांच्या कानांवरून गेली असतील. मन्नारगुडीच्या बाजूस कोविलकळप्पाल येथे वायूवर चालणारे सुमारे १०८ मेगावॅटचे वीजकेंद्र २००१ साली सुरू झाले. या उद्योगाने शेतीचे काय होणार, ही येथील शेतकऱ्यांची चिंताही तितकीच खरी आहे. २०२० साली तमिळनाडूच्या विधिमंडळाने कायदा करून कावेरीचे खोरे संरक्षित कृषिक्षेत्र ठरविले ते तिच्यामुळेच. त्या वादात आज आम्ही शिरत नाही. मात्र जो वायू वर काढला जातो तो नीट हाताळला गेला पाहिजे, याविषयी दुमत नसावे.

विहिरीतून येणारा वायू कधीच कोरडा नसतो. त्याच्याबरोबर खारे पाणी, पातळ तेल आणि कधीकधी बारीक रेतीही येते. हे सारे वेगळे करण्यासाठी जे उभे किंवा आडवे पोलादी पात्र असते, त्यास कारखान्यात सेपरेटर म्हणतात. अरुंद नळातून धावत आलेला वायू या रुंद पात्रात शिरला की त्याचा वेग मंदावतो. तोंडाशीच एक आडवी पत्री असते. तिच्यावर आपटून पाण्याचे लोट खाली पडतात. मोठे थेंब स्वतःच्या वजनाने तळाशी जातात. परंतु धुक्यासारखे जे सूक्ष्म तुषार असतात, ते वायूच्या ओघाबरोबर वर चढतात. माणसाचा केस सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाडीचा. हे तुषार पाच-दहा मायक्रॉनचे. त्यांना अडविण्यासाठी पात्राच्या वरच्या अंगास तारेच्या विणीची एक गादी बसवितात. तिचे नाव डेमिस्टर. सहसा ती शंभर ते दीडशे मिलिमीटर जाड असते. हातात घेतली तर भांडी घासण्याच्या तारेच्या घोसाची मोठी बहीण वाटावी, इतके तिचे रूप साधे आहे.

या साधेपणानेच आमचा घात केला.

पंचवीसएक वर्षांपूर्वी आम्ही केंद्र सरकारच्या एका कार्यालयात वित्त शाखेत होतो. कार्यालयाचे आणि ज्या कारखान्याची ही गोष्ट त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. आम्ही बी. ए., तेही साहित्य घेऊन. यंत्रांशी आमचा संबंध फायलीपुरता. एके दिवशी एक प्रस्ताव समोर आला : दीड मीटर व्यासाचा नवा सेपरेटर आणि त्यात डेमिस्टर. त्याच कारखान्याच्या भांडारात १.२ मीटर व्यासाचे एक जुने, सुस्थितीतील, तेवढाच दाब सोसणारे पात्र पडून होते. फरक अवघ्या एका वितीचा! तरुण अभियंत्याने सोबत अर्ध्या पानाचे गणित जोडले होते. ते आम्ही वाचले नाही, कारण वाचून ते आम्हांस कळले नसते. आम्ही शेरा मारला : "भांडारातील पात्र वापरावे. तारेच्या जाळीसाठी नवीन पात्राचा खर्च समर्थनीय वाटत नाही." वरिष्ठांनी त्याखाली सही केली, आणि त्या वर्षीच्या बचतीच्या तक्त्यात ती रक्कम मोठ्या दिमाखात दाखविली गेली.

जुने पात्र बसले. तिसऱ्या महिन्यात पुढचा कंप्रेसर मोडला. वायू दाबला जातो, पाणी दाबले जात नाही. दट्ट्याखाली पाणी आले की झडपांच्या पट्ट्या फुटतात, दांडा वाकतो. येथे दोन्ही झाले. सुदैवाने कोणास इजा झाली नाही, परंतु कारखाना अकरा दिवस बंद राहिला. चौकशी बसली. "डेमिस्टर असूनही पाणी पुढे गेले, अर्थात देखरेखीत कसूर झाली," असा निष्कर्ष निघाला. तरुण अभियंत्याची वेतनवाढ रोखली गेली आणि त्याची बदली झाली. फायलीतला आमचा शेरा कोणी उलटून पाहिला नाही. आणि आम्हीही तो कोणास दाखविला नाही. तेव्हा आमची अशी समजूत होती की शेऱ्याचा आणि अपघाताचा काही संबंध नाही. आज वाटते, ती समजूत आम्हीच आमच्या सोयीसाठी करून घेतली होती.

दोन वर्षांनी सरकारी कामानिमित्त तंजावरास आलो असता मनास राहवेना. त्या अभियंत्याचे गाव येथून जवळ आणि तो पोंगलच्या अगोदर रजेवर आलेला आहे, असे कळले. आम्ही पहाटेच्या गाडीने ओरत्तनाडूस उतरलो. मार्गळि महिना, खाचरांवर धुके दाटलेले, दारोदारी रांगोळ्या चाललेल्या. त्याच्या अम्मांनी कॉफी दिली. आम्ही अडखळत म्हणालो, "तो शेरा आमचा होता." तो शांतपणे म्हणाला, "सार, ते मला त्याच दिवशी कळले होते. पण तुम्हांस समजेल असे मी तरी कुठे लिहिले होते?" नंतर तो आम्हांस शेताच्या बांधावर घेऊन गेला. पुढचे सारे आम्ही तेथे शिकलो.

बांधावरच्या झुडपांत कोळ्यांची जाळी होती आणि प्रत्येक धाग्यावर पाण्याचे मणी ओवलेले होते. तो म्हणाला, "धुके चाळणीत अडकावे तसे यात अडकत नाही. जाळ्याची भोके धुक्याच्या कणांहून कितीतरी मोठी आहेत." डेमिस्टरचेही तसेच. त्याच्या आकारमानात तार दोन-तीन टक्के आणि बाकी सारी पोकळी. वायू तारेपाशी आला की तिला वळसा घालून निघून जातो; तो हलका आहे, त्यास वळता येते. त्याच्याबरोबरचा थेंब जड, त्यास तितक्या झटकन वळता येत नाही. तो सरळ जाऊन तारेवर आदळतो आणि चिकटतो. मागून दुसरा येतो, तिसरा येतो. त्यांचा एक मोठा थेंब होतो आणि वर चढणाऱ्या वायूच्या विरुद्ध तो खाली टपकतो. आपल्या भगिनी ढोकळा उकडताना झाकणास फडके बांधतात, त्याची येथे आठवण होईल. परंतु तेथे वाफेचे पाणी होते आणि फडके ते शोषून घेते. येथे पाणी आधीच थेंबांच्या रूपात असते, आणि जाळीने ते शोषून ठेवावयाचे नसते, तर एकत्र करून खाली सोडावयाचे असते.

यावरून सारे वेगावर अवलंबून आहे, हे ध्यानी येईल. वायू फार सावकाश आला, म्हणजे योजलेल्या वेगाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही मंद, तर थेंबात आदळण्याचा जोर राहत नाही. तोही वायूबरोबर वळसा घालून निसटतो. वायू फार वेगाने आला तर त्याहून वाईट. जाळीत जमलेले पाणी खाली उतरू शकत नाही, गादी तुडुंब भरते, आणि वायू त्या पाण्याच्या चिंध्या करून वर उडवितो. जाळी थेंब अडविण्याऐवजी जमलेले पाणीच पुढे पाठवू लागते.

हा योग्य वेग काढण्याची रीत १९३४ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील साउडर्स आणि ब्राउन या दोघांनी दिली. ती त्यांनी तेलशुद्धीच्या मनोऱ्यांसाठी काढली होती. पुढे जाळीसही ती लागू पडली. द्रवाच्या घनतेतून वायूची घनता वजा करावी, त्यास वायूच्या घनतेने भागावे, वर्गमूळ काढावे आणि अनुभवाने ठरलेल्या एका अंकाने गुणावे. वायू खालून वर जात असेल, तर नेहमीच्या जाळीसाठी हा अंक सेकंदास ०.१०७ मीटर धरतात. दाब वाढेल तसा तो कमी करावा लागतो.

अभियंत्याने बांधावरच्या ओल्या मातीत काडीने आमच्या फायलीतले गणित पुन्हा मांडले. वायूचा दाब हवेच्या पंचेचाळीस पट, त्याची घनता घनमीटरला ४० किलो, द्रवाची ७००. सातशेतून चाळीस गेले, ६६०. चाळीसने भागले, १६.५. वर्गमूळ ४.०६. त्यास ०.१०७ ने गुणले तर ०.४३५. एवढ्या दाबाला यातले ऐंशी टक्केच घ्यावयाचे, म्हणजे सेकंदास सुमारे ०.३५ मीटर. यापुढे वायूने जाता कामा नये.

आता वायू किती? त्या दाबाखाली सेकंदास अर्धा घनमीटर. दीड मीटर व्यासाच्या पात्रात जाळी टेकविण्यासाठी भिंतीला आतून पन्नास मिलिमीटर रुंदीचे कडे जोडावे लागते. त्या कड्याने झाकलेला भाग वायूस बंदच, म्हणून मोकळा व्यास १.४ मीटर उरतो. क्षेत्रफळ १.५४ चौरस मीटर, वेग ०.३२५, मर्यादेच्या आत. आमच्या बचतीच्या पात्रात मोकळा व्यास १.१ मीटर, क्षेत्रफळ ०.९५, वेग ०.५३. मर्यादेच्या दीडपट! व्यास पंचमांशाने कमी केला तर क्षेत्रही तेवढेच कमी होईल, असा आमचा भाबडा हिशेब होता. व्यास वीस टक्क्यांनी घटला, परंतु जाळीची मोकळी जागा अडतीस टक्क्यांनी घटली. शाळेत वर्तुळाचे क्षेत्रफळ आम्हीही शिकलो होतो. परंतु शेरा मारताना ते आठवले नाही.

"मग जाळी दुप्पट जाड घातली असती तर?" आम्ही विचारले. तो हसला. अरुंद दारातून गर्दी बाहेर पडत नसेल तर भिंत जाड करून काय उपयोग? जाडीने बारीक थेंब थोडे अधिक सापडतील. परंतु पाण्यास खाली उतरण्यासाठी वायूचा वेगच कमी हवा, आणि त्यासाठी क्षेत्रच वाढवावयास हवे.

केवढी याचे उत्तर असे मिळाले. कोठे हा दुसरा प्रश्न. आमचे जुने पात्र अरुंद होते, तसेच ते बुटकेही होते. त्यामुळे जाळीच्या वर वायू बाहेर जाण्याचा नळ अगदी जवळ आला. परिणाम असा की सारा वायू नळाच्या समोरच्या, मध्यावरच्या जाळीतूनच ओढला गेला आणि कडेची जाळी नुसती बसून राहिली. आधीच क्षेत्र अपुरे, त्यातही निम्मे बेकार. यासाठी सोपा नियम आहे. बाहेरच्या नळाच्या तोंडापासून पंचेचाळीस अंशांनी उतरणाऱ्या रेषा कल्पाव्यात. त्यांनी जाळीची सारी रुंदी कवेत घेतली पाहिजे. म्हणजे जाळीच्या व्यासातून नळाचा व्यास वजा करून जो अर्धा येईल, किमान तेवढे अंतर जाळीच्या वर मोकळे हवे. जाळी १.४ मीटर आणि नळ पाव मीटर असेल, तर हे अंतर ५७५ मिलिमीटर येते.

खालच्या बाजूसही तसेच. आत येणारा झोत थेट जाळीवर आदळता कामा नये. तो पसरून सारख्या गतीने वर यावा एवढी उंची त्यास मिळाली पाहिजे. तळाचे पाणी आतल्या नळाच्या तोंडापर्यंत चढू देता कामा नये, नाहीतर वायू त्यातून बुडबुडत, लाटा उडवीत वर येतो, आणि ते ओझे कोणतीही जाळी पेलू शकत नाही. पात्र आडवे असेल तर जाळीभोवती पेटी करून तिचे सांधे बंद करावे लागतात, आणि तिच्यातून निथळणारे पाणी उतरविणाऱ्या नळीचे टोक तळाच्या पाण्यात बुडवून ठेवावे लागते. एरवी वायू त्याच नळीने उलटा वर शिरतो.

आणखी एक गोष्ट दिसायला क्षुल्लक. जाळी अखंड नसते. मनुष्यप्रवेशाच्या भोकातून आत जावी म्हणून तिचे तुकडे करतात. ते मापाहून किंचित मोठे कापून एकमेकांस व भिंतीस घट्ट दाबून बसवावे लागतात आणि वरखाली जाफरी ठेवून तारेने बांधावे लागतात. कडेला बोटभर फट राहिली तर वायू जाळीचा त्रास कशाला घेईल? तो फटीतूनच जाईल, थेंबांना बरोबर घेऊन. आणि जेथे वायूबरोबर मेण किंवा रेती येते, तेथे बारीक विणीची गादी तुंबते. तुंबली की उरलेल्या जागेतून वेग वाढतो आणि पुन्हा तीच विपत्ती. तेथे नागमोडी पत्र्यांची रचना अधिक बरी. ती अगदी सूक्ष्म तुषार सोडून देते, परंतु सहसा तुंबत नाही. जाळीच्या खालच्या आणि वरच्या दाबातील फरक दाखविणारे साधे मापक लावले, तर ती तुंबू लागल्याची वर्दी आधीच मिळते.

मंडळी, हे सारे समजण्यास आम्हांस एक सकाळ पुरली. ऊन वर आले, कोळ्याच्या जाळ्यांवरचे मणी आटले, मातीतले आकडे वाळले. कार्यालयात परतल्यावर आम्ही त्या फायलीवर दुसरी टिपणी लिहिली : पात्र बदलण्याचा निर्णय वित्त शाखेच्या शेऱ्यामुळे झाला, संबंधित अभियंत्याचे मूळ गणित बिनचूक होते, सबब दोषारोपाचा फेरविचार व्हावा. वरिष्ठ काही काळ आमच्यावर रुष्ट झाले. वर्षभराने त्याची वेतनवाढ मागील तारखेपासून पूर्ववत झाली आणि दीड मीटरचे पात्रही मंजूर झाले. परंतु कपाळी लागलेल्या ठपक्यासह त्याने काढलेली तीन वर्षे कोणत्याही आदेशाने परत देता येत नाहीत. त्याच्या वडिलांनी त्याच काळात डोळे मिटले, मुलावरचा डाग पुसलेला पाहण्यापूर्वी. हे आम्हांस त्याने सांगितले नाही. त्याच्या अम्मांनी निरोप देताना सांगितले.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले आज अभियांत्रिकी शिकत आहेत, आणि पुष्कळ जण आमच्यासारखे सह्या करणारे आहेत. मुलांना आमचे सांगणे एवढेच की, गणित बरोबर असणे पुरेसे नाही; ज्याच्या हाती मंजुरी आहे त्यास कळेल अशा शब्दांत, चार ओळींत का होईना, त्याचे कारण लिहा. आणि सह्या करणाऱ्या आमच्या बंधूंना सांगणे असे की, खर्चावर काट मारण्यापूर्वी निदान एकदा विचारा : ही जागा एवढी मोठी का मागितली आहे? काही जागा रिकामी दिसते ती उधळपट्टी म्हणून नव्हे. तेथे कोणीतरी मंदावून ओझे उतरवावयाचे असते, म्हणून ती तेवढी ठेवलेली असते. सर्फोजी राजांनी हे छत्र बांधले तेव्हा राज्य हातचे गेले होते. एवढा खर्च कशाला, असे विचारणारे तेव्हाही कोणी असतीलच. त्यांनी छत्र आखडते घेतले नाही.

तो अभियंता आता मोठ्या हुद्द्यावर आहे आणि पोंगलला आमच्याकडे त्याचे शुभेच्छापत्र न चुकता येते. आज तो येथे असता तर आम्ही त्यालाच बोलावयास उभे केले असते. तो नाही, म्हणून त्याचा पाठ आम्ही आमच्या मोडक्यातोडक्या शब्दांत म्हणून दाखविला. काही चुकले असेल तर दोष शिष्याचा, गुरूचा नव्हे.